भाकऱ्या विकते, पण स्वतः खात नाही

प्रश्न : सोलापूरच्या एक वाचक घरूनच कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा व्यवसाय करतात. वय ४३. हाताखाली दोन बायका आहेत, ऑर्डरी पुण्या-मुंबईपर्यंत जातात. लग्न ठरताना सासरच्यांनी ‘मुलगी अंगानं जरा कमी झाली तर बरं’ असं कळवलं, तेव्हापासून वीस वर्षं त्यांचं कुठलं ना कुठलं डाएट चालूच आहे. भात बंद, गोड बंद, दिवसातून दोनदाच जेवण, नुसती फळं, डब्यातली पावडर, सगळं करून झालं. प्रत्येक वेळी वजन उतरलं आणि वर्ष-दीड वर्षात पहिल्यापेक्षा थोडं जास्तच होऊन परत आलं. सध्या बाराशे कॅलरींचा तक्ता चालू आहे : सकाळी ओट्स, दुपारी काकडी आणि मोड आलेले मूग, संध्याकाळी सूप. दिवसभर तो पाळतात. रात्री घर झोपलं की ओट्यापाशी उभ्या राहून भाकरीचे तुकडे आणि चटणी खातात, पोट दुखेपर्यंत. सकाळी स्वतःची चीड येते, मग सोमवार किंवा गुरुवार गाठून कडक उपास. नवरा सडपातळ आहे, तो काही बोलत नाही. नणंद भेटली की पहिला विषय वजनाचा. मागच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के आली आणि डॉक्टरांनी ‘वजन कमी करा’ एवढंच सांगितलं. त्या विचारतात : ‘थकले आहे, डाएट सोडावंसं वाटतं. पण माझ्यात संयमच नाही. लगाम सोडला तर कुठवर जाईन? साखरेचं काय? आणि फेब्रुवारीत नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. तोवर शेवटचं एकदा करून मग सोडू का?’

उत्तर :

ताई,

‘माझ्यात संयमच नाही’ हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पहाटे उठून पीठ मळायला बसायचं, मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना तव्यासमोरून हलायचं नाही, ऑर्डर चुकवायची नाही, हे सगळं संयमाशिवाय होतं का? डाएटचंच बघा. ज्याला संयम नाही तो पंधरा दिवसांत कंटाळून सोडतो. तुम्ही वीस वर्षं टिकलात. तेव्हा रात्री ओट्यापाशी जे घडतं त्याचं कारण स्वभावात शोधू नका. ते त्याच दिवशीच्या सकाळी आणि दुपारी सापडेल.

दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे त्यांना समजून घ्यायचं होतं. हे तरुण स्वखुशीनं आलेले, तब्येतीनं ठणठणीत आणि मनानं खंबीर म्हणून पारखून निवडलेले. त्यांना चोवीस आठवडे रोज साधारण १५७० कॅलरींचं जेवण दिलं. हळूहळू त्यांच्या बोलण्यात खाण्याशिवाय विषयच राहिला नाही. ताटं चाटूनपुसून साफ व्हायला लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून तासन् तास वाचत बसले. चिडचिड, उदासी, सतत थंडी वाजणं हेही आलं. बंधनं उठल्यावर त्यातले कितीतरी जण पोट तट्ट होईपर्यंत खायचे आणि तरी त्यांची भूक शमायची नाही. हे काही महिने चाललं.

ते पुरुष होते, त्यांची गरज तुमच्यापेक्षा जास्त होती, हे खरं. पण तुमचा तक्ता बाराशेचा आहे आणि तुमचं काम अंगमेहनतीचं आहे, तेही भाजलेल्या शेंगदाण्यांच्या आणि गरम भाकरीच्या वासात. त्यातून ‘उद्यापासून पुन्हा बंद’ हा विचार रात्री डोक्यात असतोच. उद्या मिळणार नाही हे ठाऊक असलेला माणूस आज जास्तच खातो. त्यात हावरटपणा कसला?

म्हणून ‘लगाम सोडला तर कुठवर जाईन’ या प्रश्नामागचं गृहीत आधी तपासू. तुम्ही धरून चालला आहात की तुमच्या भुकेला तळ नाही. पण गेल्या वीस वर्षांत तिला सलग महिनाभर तरी पोटभर, वेळेवर, मन न खाता जेवायला मिळालं आहे का? माहेरचं आठवून बघा. थंडीत शेतावर हुरडा भाजला जायचा, चटणी, गूळ, दही समोर असायचं. तेव्हा कोणी मोजत नव्हतं आणि तरी एका टप्प्यावर हात आपोआप थांबत होता. थांबण्याची ती जाण शरीरात असते. वरून आलेल्या तक्त्यांमुळे तुम्ही तिचं ऐकायचं सोडलं आहे. ती परत यायला वेळ लागेल. पहिले काही आठवडे तुम्ही कदाचित जास्त खाल. त्याला घाबरून पुन्हा तक्त्याकडे धावू नका, एवढी विनंती.

उपासाबद्दल थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. श्रावणी सोमवार, एकादशी, सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांचं तुमच्या घरचं काही असेल ते, यात मी हात घालणार नाही. तो तुमचा आणि देवाचा विषय. पण रात्री चटणी-भाकरी खाल्ली म्हणून सकाळी धरलेला गुरुवार देवाचा नाही. तो वजनकाट्याचा आहे आणि त्याचं रूप शिक्षेचं आहे. आपल्याकडे हे फार सहज खपून जातं, कारण उपास करणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही, उलट कौतुक होतं. प्रत्येक उपासाआधी एकदा स्वतःला विचारा : काल रात्री मी काही खाल्लं नसतं, तरी आज हा उपास केला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्या दिवशी जेवा. जो ठेवाल त्या उपासाला नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. राजगिरा, दाण्याची आमटी, दही, ताक असं पोटात जाऊ द्या.

आता साखर. हा भाग मी हलक्यात घेणार नाही, आणि ‘शरीरावर प्रेम करा म्हणजे सगळं नीट होईल’ असंही तुम्हाला सांगणार नाही. ६.१ म्हणजे मधुमेह नव्हे. साधारणपणे ५.७ ते ६.४ हा सीमेवरचा पट्टा मानतात, ६.५ पासून मधुमेह. म्हणजे लक्ष द्यायलाच हवं. प्रश्न इतकाच की लक्ष देणं म्हणजे पुन्हा उपाशी राहणं का?

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी सीमेवरची साखर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास करून २००६ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाला राहणीमानात बदल सांगितले : रोज किमान अर्धा तास चालणं, साखर आणि मैद्यासारखे पदार्थ कमी, तेल-तूप बेताचं, चोथा असलेलं अन्न जास्त. तीन वर्षांच्या हिशेबानं बघितलं तर नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर ठेवलेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, राहणी बदललेल्या गटात ३९ टक्क्यांना. आणि त्या दुसऱ्या गटाचं वजन काही लक्षात येण्याइतकं उतरलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण तुमच्यासारख्या कितीतरी जणींना असं वाटतं की काटा हलला नाही तर चालणं वाया गेलं, भाजी वाया गेली. वाया जात नाही. वजन उतरल्यानं साखरेला मदत होते हेही खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तुमच्या बाबतीत उतरवलेलं वजन वीस वर्षांत एकदाही टिकलेलं नाही. तोच उपाय सहाव्यांदा करण्यापेक्षा, वजन जिथं आहे तिथं असतानाही फायदा देणाऱ्या गोष्टी हातात घेतलेल्या बऱ्या, असं माझं मत आहे.

काट्याचीच गोष्ट निघाली म्हणून : पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंची-वजनाच्या हिशेबानं दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या लोकांत बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी लपलेली असू शकते, हे त्यातून दिसतं. म्हणून, ताई, तुमच्या सडपातळ नवऱ्याचीही साखर तपासून घ्या. तुमच्या घरात सगळ्यांचं लक्ष एकाच माणसाच्या अंगावर आहे आणि दुसऱ्याची तपासणी कदाचित कधी झालेलीच नाही.

मग खायचं काय? तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच. ओट्स वाईट नाहीत. पण तुमच्या परातीत ज्वारीचं पीठ आहे. मंगळवेढ्याची मालदांडी तुमच्या जिल्ह्यात पिकते. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून शहरातले लोक आरोग्यासाठी म्हणून ज्वारी शोधत असतात, बहुधा तुमच्याकडूनही घेत असतील. आणि तुम्ही ती दिवसा वर्ज्य मानून रात्री चोरून खाता. भाकरी औषध नाही. त्यात स्टार्च आहेच, ती नुसती चटणीला लावून चार-पाच खाल्ली तर साखर चढणारच. पण डाळीची आमटी, पालेभाजी, ताक आणि चटणी यांच्या जोडीनं दोन भाकऱ्या हे तुमच्या साखरेसाठीही चांगलं जेवण आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीतून भरून निघतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे चटणीही निव्वळ ‘जिभेचे चोचले’ नाही. फक्त तिच्यात मीठ असतं. रक्तदाब जास्त असेल तर घरच्या वापरासाठी कमी मिठाची वेगळी कुटा.

त्या दोघी मदतनीस दुपारी डबे उघडतात तेव्हा तुम्ही काय करता, ते पत्रात नाही. माझा अंदाज आहे की तुम्ही पुड्या बांधत असता, नाहीतर फोनवर ऑर्डर घेत असता. उद्यापासून त्यांच्याबरोबर जेवायला बसा. माल भरायला घेण्याआधी ताट वाढून घ्या, खाली बसा, गरम भाकरी घ्या, पोट भरेपर्यंत जेवा. बाकीचे बदल आठवड्याभरानं झाले तरी चालतील, हा मात्र लगेच करा. आपल्या घरांतली बाई सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं, उभ्यानं खाते. डाएटवाली बाई तर तेवढंही हक्कानं खात नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास नुसत्या सुपावर राहू नका. मूठभर फुटाणे-दाणे, एखादं फळ, उसळीची वाटी, असं काहीतरी घ्या. संध्याकाळ रिकामी गेली की रात्र जड जाते. रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर, त्यांच्यातलंच. तुमच्यासाठी वेगळं पातेलं नको.

एवढं करूनही काही रात्री तुम्ही ओट्यापाशी जाल. जा. पण दिवा लावा, भाकरी ताटलीत घ्या, चटणी वाटीत घ्या आणि बसून खा. स्वतःला थांबवायची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी वहीत दोन ओळी लिहा : काल दुपारपर्यंत काय जेवले होते, आणि रात्री तिथं गेले तेव्हा पोटात भूक होती की दुसरं काही होतं. दिवसभरातली ती एकच वेळ तुम्हाला एकटीला मिळत असेल, थकवा असेल, कोणाचं बोलणं लागलेलं असेल. कॅलरी लिहायच्या नाहीत. महिन्याभराची वही वाचली की तुम्हालाच बरंच उलगडेल. भूक असलेल्या रात्री दुपारच्या ताटानं कमी होतात. बाकीच्या रात्रींना अन्नानं उत्तर मिळणार नाही. तिथं कोणाशी तरी बोलावं लागेल, नाहीतर तासभर लवकर झोपावं लागेल.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. त्यानं जेवणानंतर चढणारी साखर खाली राहायला मदत होते. सिद्धेश्वर तलावाकाठी जायला जमलं तर उत्तम, नाहीतर गल्लीतल्या गल्लीत, गच्चीवर, कुठंही. किती कॅलरी जळल्या ते बघायचं नाही.

वजनकाटा तीन महिने माळ्यावर टाका. खरंच टाका. त्याऐवजी ठरलेल्या दिवशी रक्ततपासणी करा. तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात, त्यामुळे सरासरी साखरेत खरा फरक पडला का हे तीन महिन्यांनी कळतं. रोज सकाळी उठून तुमची किंमत ठरवणारा आकडा त्यात काही भर घालत नाही. डॉक्टरांकडे जाताना हे वाक्य पाठ करून जा : ‘वजन उतरवायचं डाएट मी वीस वर्षं केलं, ते टिकत नाही आणि रात्री खाणं आवरत नाही. साखरेसाठी वजन सोडून मी आणखी काय करू, ते सांगा.’ चांगले डॉक्टर हे ऐकून घेतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगा. लोहाच्या कमतरतेमुळे सरासरी साखरेचा आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो आणि इतकी वर्षं अर्धपोटी काढलेल्या बाईत ती कमतरता असणं नवल नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर त्यांनी जेवणाच्या वेळा किंवा प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. इथं घाई धोक्याची आहे.

आणखी एक. आठवड्यातून एकदा तरी, तीन महिन्यांहून जास्त काळ, थोड्या वेळात खूप खाणं आणि त्यावर आपला ताबा नाही असं वाटणं, हा वैद्यकशास्त्रानं मान्य केलेला आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. खाल्लेलं ओकून काढणं, जुलाबाची औषधं घेणं असं काही होत असेल तर थांबूच नका. तुमच्या वर्णनावरून मी निदान करू शकत नाही, पण मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटावं असं मला मनापासून वाटतं. जायला संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

वजन उतरेल का, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण ओळींच्या मागे ते आहे. सुरुवातीला थोडं वाढू शकतं. मग बहुतेकांचं एका जागी स्थिरावतं. कुणाचं थोडं उतरतं, कुणाचं नाही. तुमचं कुठं थांबेल हे कोणी सांगू शकत नाही आणि सांगणाऱ्यावर तुम्ही आता विश्वास ठेवू नये. लग्न ठरतानाच्या त्या एका निरोपानं तुम्ही इतकी वर्षं स्वतःला अपुरं मानलंत, याचं मला फार वाईट वाटतं. तो निरोप पाठवणाऱ्यांना तो कदाचित आठवतही नसेल. पंचविशीतलं शरीर आता मिळणार नाही, त्याबद्दल वाईट वाटलं तर वाटू द्या. पण वाईट वाटत असतानाही दुपारचं जेवण चुकवू नका.

नणंदेला काय सांगायचं? भांडू नका, समजावतही बसू नका. एकच वाक्य, हसून, दर वेळी तेच : ‘वजनाचं मी डॉक्टरांशी बोलते, तुम्ही लग्नाच्या तयारीचं सांगा.’ चार-पाच वेळा तेच ऐकलं की माणसं विषय बदलतात. नवऱ्याचं गप्प राहणं तुम्ही नापसंती समजला आहात का, ते मात्र विचारून घ्या. ‘मी डाएट सोडते आहे, बहिणीनं सगळ्यांसमोर वजनाचा विषय काढला तर तुम्ही थांबवाल का?’ इतकं स्पष्ट. काम नेमून दिलं की गप्प माणसालाही बोलणं सोपं जातं.

राहिला लग्नाचा प्रश्न. ‘शेवटचं एकदा’ करू का? नको. तुमचं प्रत्येक डाएट शेवटचंच होतं. आणि यंदा मध्ये संक्रांत आहे, सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आहे, शेंगापोळीच्या ऑर्डरी असतील. वर्षातल्या सगळ्यात मेहनतीच्या महिन्यात उपाशी राहून तुम्ही लग्नात पोचाल ती दमलेली, चिडलेली, आणि पंगतीत ताटाकडे बघून हिशेब करणारी. त्यापेक्षा या आठवड्यातच साडी काढा आणि शिंपीणबाईंकडे जाऊन आजच्या मापाचं ब्लाउज शिवायला टाका. जुनं ब्लाउज मापाला देऊ नका, अंगावरूनच माप घ्यायला सांगा. हात वर करता आला पाहिजे, पंगतीत बसता आलं पाहिजे. आणि दोन्ही बाजूंना माया भरपूर ठेवायला सांगा.